संगीताच्या शिक्षकाने बँडपथक चालवायला शिकायचं कुठे?

तानपुरी | १४ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. धागा रागदारीवर नाही, हे आधीच सांगते.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवते. गायनात विशारद, पेटी बऱ्यापैकी, तबला कामापुरता. बँडपथक सांभाळणारे सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी बँडच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, संगीत तुमचं ना, मग हेही तुमचंच." खोलीत साइड ड्रम आहेत, एक बेस ड्रम, झांजा, ट्रायँगल, बिगूल आणि खोकंभर बासऱ्या. पंधरा ऑगस्टला संचलन आहे.

मुलं एका जागी उभी राहून छान वाजवतात. चालायला लागली की मागच्या रांगा लय सोडतात, बासरीवाल्यांचा दम तुटतो आणि बेस ड्रमवाला मुलगा पायाकडे बघत चालतो, त्यामुळे हात चुकतो. हे दुरुस्त कसं करायचं ते मला कोणी कधी शिकवलेलं नाही. गांधर्वच्या परीक्षांमध्ये प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आपण बसूनच गातो-वाजवतो! तर प्रश्न असा: बँड चालवणारे शिक्षक हे शिकतात कुठे? कोणी रीतसर शिकलंय का, की सगळेच किल्ली मिळाल्यावर शिकतात?

---

चहाबाज | १४ जून, रात्री १०.०२

किल्ली हरवली म्हणून सांगा.

---

खडूस_पेठकर | १४ जून, रात्री १०.३१

रीतसर काही नाही. बी.एड.ला नाही, संगीत विशारदला नाही, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत-ग्रेडांनाही नाही. ग्रेडच्या परीक्षेत पोरगं ट्रंपेट घेऊन स्टँडसमोर उभं राहतं, दोन पावलंसुद्धा टाकत नाही. आणि कला-क्रीडा-संगीताच्या शिक्षकांची पदं भरायचीच नाहीत असं ठरल्यासारखं चाललंय, तेव्हा त्यांचं प्रशिक्षण कोण करणार? तुम्ही निदान संगीताच्या आहात. आमच्या मुलीच्या शाळेत बँड भूगोलाच्या सरांकडे आहे.

---

चहाबाज | १४ जून, रात्री १०.३३

भूगोलाचे सर बरे. दिशा तरी चुकणार नाहीत.

---

मराठा_हवालदार | १५ जून, सकाळी ६.१०

ताई, मी बेळगावच्या मराठा सेंटरमधून बँडमध्येच निवृत्त झालो. आता दोन शाळांना शिकवतो. सांगतो ते पटलं तर घ्या.

फौजेत आमच्या हातात वाद्य आलं त्याच्या किती तरी आधी पायाला शिस्त लावली होती. नुसती परेड. १२० कदम मिनिटाला, ३० इंचाचा एक कदम. हे अंगात इतकं मुरतं की नंतर वाद्य गळ्यात आलं तरी पायाचा विचार करावा लागत नाही. तुमच्या बेस ड्रमवाल्या पोराचं दुखणं तेच आहे. त्याच्या डोक्यात एका वेळी दोन कामं आहेत. एक काम डोक्यातून काढून पायात घाला.

म्हणून पहिले दिवस खोलीला कुलूप. मुलं मैदानावर, हातात काही नाही. कदमताल (जागच्या जागी पाय उचलणं), तेज चल, थम. मग टाळ्या वाजवत चालायचं, मग तोंडानं धून म्हणत चालायचं, मग नुसता एक साइड ड्रम. बाकीची वाद्यं सगळ्यात शेवटी. पोरं कंटाळतात, पालक विचारतात की वाद्य कधी देणार. द्यायचं नाही. आणि शाळेच्या पोरांना ३० इंच मागू नका. सगळ्यात बुटक्या पोराला जेवढं सहज टाकता येतं तेवढं पाऊल सगळ्यांचं.

बेसचा जड ठोका डाव्या पायावर. यात फरक नाही.

शिकवायला कोण शिकवतं म्हणाल, तर फौजेत त्यासाठी पचमढी आहे. मध्य प्रदेशात लष्कराच्या एज्युकेशन कोरचं सेंटर आहे, तिथे मिलिटरी म्युझिकचं शिक्षण होतं, बँडमास्तर तिथे घडतात. नोटेशन, धून बसवणं, काठी घेऊन पुढे उभं राहणं, सगळं. मास्तर लोकांसाठी मुलकी दुनियेत तसं काही मी पाहिलेलं नाही. म्हणून शाळा आमच्यासारख्यांना बोलावतात.

---

वाचकमामा | १५ जून, सकाळी ८.४५

हवालदारसाहेबांच्या पचमढीवरून आठवलं. ब्रिटिश लष्कराचंही पूर्वी असंच होतं. प्रत्येक पलटणीचा बँड वेगळा, मास्तर बाहेरून भाड्याने आणलेला, ज्याची त्याची पद्धत. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी तुर्कस्तानात स्कुतारीला राणीच्या वाढदिवसाची परेड झाली. सगळे बँड एकत्र उभे केले, राष्ट्रगीत सुरू झालं आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, बांधणी वेगळी. परदेशी पाहुण्यांसमोर पार शोभा झाली. त्यानंतर तीनच वर्षांत, १८५७ ला, लंडनजवळ नेलर हॉलमध्ये लष्करी संगीताची शाळा निघाली. म्हणजे सरकारला जाग यायला आधी जाहीर फजिती व्हावी लागते. तानपुरीताई, पंधरा ऑगस्टला जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा एकत्र वाजवतील असं बघा. पुढच्या वर्षी कोर्स सुरू होईल.

---

ऑस्टिनकर | १५ जून, सकाळी ९.२०

इथे टेक्सासमध्ये हे प्रकरण फार मोठं आहे म्हणून लिहिते. लेक हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.

त्याच्या बँड डायरेक्टरना मी हाच प्रश्न विचारला होता. उत्तर सरळ होतं. ते स्वतः शाळेत चार वर्षं चालले, मग विद्यापीठाच्या बँडमध्ये चालले, संगीतशिक्षणाच्या पदवीत मार्चिंग बँडच्या तंत्राचा वेगळा विषय होता, मग एका अनुभवी डायरेक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली. म्हणजे शिक्षक होईपर्यंत माणूस सात-आठ वर्षं रांगेत चाललेला असतो. बऱ्याच जणांनी मधले उन्हाळे ड्रम कोअर नावाच्या पथकांमध्येही काढलेले असतात. तिथे वाद्यं फक्त पितळी आणि तालाची, आणि सराव दिवस-दिवस.

इथली बहुतेक पथकं फौजी चालीने चालत नाहीत. टाच आधी टेकवून पाऊल हळूच पुढे लोळवतात, म्हणजे धक्का छातीपर्यंत जात नाही आणि सूर हलत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांवर रेघ असते. ८ पावलांत ५ यार्ड, म्हणजे साडेबावीस इंचाचं पाऊल. रेघ पायाखाली आली की कळतं आपण बरोबर आहोत. बासरीवाल्यांचा दम तुटतो म्हणालात ना, त्याचं निम्मं कारण पाय आपटणं असणार. फौजी पद्धतीने आपटत चालायचं आणि वर बासरी फुंकायची, हे कठीणच आहे.

---

खडूस_पेठकर | १५ जून, सकाळी ९.४१

आला, "इथे अमेरिकेत" आला. दहाव्या प्रतिसादाच्या आत. (कृपया हलके घ्या.)

---

ऑस्टिनकर | १५ जून, सकाळी ९.५०

दहा कसले, सहावाच होता. आणि बँडला जागेवर पाणी पुरवायला आम्ही पालकच ऑगस्टच्या उन्हात उभे असतो, तेव्हा मिरवायचा अधिकार आहे मला.

महत्त्वाचं राहिलं: इथे एक माणूस सगळं करत नाही. तालवाद्यांचा वेगळा शिक्षक, झेंडे फिरवणाऱ्यांचा वेगळा, मैदानावरच्या आकृत्या बसवणारा वेगळा. एकट्या बाईंनी सगळं करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

---

ढोल_आणि_मी | १५ जून, दुपारी १.१५

पुण्यातल्या पथकात ताशा वाजवतो. एवढं सगळं कशाला? आमच्याकडे दरवर्षी शेकड्याने नवीन मुलं येतात, गणपतीच्या दोन महिने आधी नदीपात्रात सराव सुरू होतो आणि विसर्जनाला तीच मुलं तासन्‌तास वाजवतात. कोणाला नोटेशन येत नाही. जुना वादक समोर उभा राहतो, ठेका तोंडाने म्हणतो, नवीन मुलगा टिपरू (ढोलाची काठी) हातात घेऊन टायरवर किंवा नुसत्या मांडीवर वाजवतो. ज्याचा ठेका बसला त्याला ढोल. शिकवणारेही तसेच तयार होतात, दोन-तीन वर्षं रांगेत वाजवलं की पुढच्या वर्षी नवीन मुलं तुमच्याकडे. बाई, जवळच्या एखाद्या पथकाला बोलवा.

---

मराठा_हवालदार | १५ जून, रात्री ८.०५

ढोलवाल्या भावा, तुमच्या वादनाला सलाम. पण पथक मिरवणुकीच्या चालीनं सरकतं, थांबतं, वाजवतं, परत सरकतं. संचलनात थांबायला मिळत नाही. मागे सातवीची पोरं तुमच्या ठोक्यावर पाय टाकत येत असतात. तुम्ही रंगात येऊन लय वाढवली तर मागची पोरं धावायला लागतात.

---

ढोल_आणि_मी | १५ जून, रात्री ८.३०

लय वाढते हे मान्य. वाढवण्यातच मजा आहे हेही मान्य करा, काका.

---

मराठा_हवालदार | १५ जून, रात्री ८.३२

गणपतीत मान्य.

---

नी_कोमल | १६ जून, रात्री ११.२०

तानपुरी, तू स्वतःला उगाच कमी लेखतेयस. गायनाच्या शिक्षकाकडे जे आहे ते परेडवाल्यांकडे नसतं. काही गोष्टी सांगतो, तुला लगेच उलगडतील.

बिगुलाला बटणं नसतात, म्हणून त्यातून मोजकेच सूर निघतात: सा, प, तार सा, मग त्याच्यावरचे ग आणि प. बस. रे, म, ध शोधत बसू नकोस, आणि मुलांना चुकीचं वाजवतोस म्हणून रागावू नकोस. बिगुलाची प्रत्येक धून याच सुरांत बांधलेली असते, आणि हे सूर तंबोऱ्यात तू रोज ऐकतेस.

पुढे शाळेने ट्रंपेट, क्लॅरिनेट घेतले तर त्यांचा सा म्हणजे पेटीची काळी पाच. सर्रास वाजणारे दोन्ही बी-फ्लॅटचे असतात. आल्टो सॅक्सोफोनचा सा काळी दोन. सगळ्यांना एकच सरगम लिहून दिलीस तर वाचकमामांच्या गोष्टीतला राष्ट्रगीताचा प्रकार घडेल.

बॅगपाइप आलाच तर आनंद कर. त्याचा सप्तक जवळजवळ खमाज थाटच आहे, खाली मंद्र कोमल नी, वर तार सा, एकूण नऊ सूर, आणि मागे न थांबणारा षड्ज. आपल्या धुना त्यावर इतक्या सहज का बसतात ते मग कळतं.

तालाचं म्हणशील तर केरवा चालतोच. ६/८ ची मार्चची धून म्हणजे दादरा समज, फक्त डावा पाय समेवर (पहिल्या मात्रेवर) आणि उजवा चौथ्या मात्रेवर, म्हणजे जिथे तालाची 'खाली' येते तिथे. मुलांना "धा धि ना" ला डावा, "ना ति ना" ला उजवा असं बोलत चालव. आमच्या शाळेत हे लगेच जमलं, कारण दादरा त्यांना प्रार्थनेपासून माहीत होता.

---

चहाबाज | १६ जून, रात्री ११.३५

रूपकात बसवा की. सात मात्रा. दर आवर्तनाला सम वेगळ्या पायावर. पथक मैदानाबाहेर जाईपर्यंत प्रमुख पाहुणे कोड्यात.

---

तानपुरी | १७ जून, सकाळी ७.१५

नी_कोमल, दादऱ्याची खाली उजव्या पायावर! हे मला कसं सुचलं नाही. आज करून बघते. हवालदारकाका, खोलीला कुलूप लावलंय. मुलांची तोंडं बघवत नाहीत.

एक प्रश्न आहे. पुढची मुलं आणि मागची मुलं एकाच ड्रमकडे कान देऊनसुद्धा वेगवेगळी का वाजतात? कानात दोष असेल असं वाटत नाही, त्यातली दोघं वर्गात तालाला पक्की आहेत.

---

स्थापत्यवाला | १७ जून, सकाळी १०.१०

दोष कानाचा नाही, हवेचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक २० मीटर लांब असेल तर मागच्या ड्रमचा ठोका पहिल्या रांगेत पोचायला साधारण ६ शतांश सेकंद लागतात. १२० च्या चालीत एका पावलाला अर्धा सेकंद. म्हणजे जवळजवळ पावलाच्या आठव्या हिश्शाची गफलत. पुढच्याने तो उशिरा ऐकलेला ठोका धरून फुंकलं आणि मागच्याने ते ऐकून आपली लय सुधारली, की गफलत दुप्पट. हळूहळू सगळं पथक संथ होत जातं.

म्हणून पुढे काठी घेऊन माणूस असतो. प्रकाशाला वेळ लागत नाही. चालताना कान अर्धा बंद, डोळे काठीवर.

---

मराठा_हवालदार | १७ जून, दुपारी १२.४०

इंजिनिअर साहेबांनी हिशोब करून दिला, आम्हाला उस्तादांनी शिव्या देऊन शिकवलं. मतलब एकच.

पथक लांब करू नका, रुंद करा. मैदान असेल तर चारऐवजी सहाची रांग. बासऱ्या पुढे, कारण आवाज बारीक. ड्रम त्यांच्या मागे. ब्रास बँडमध्ये ट्रोम्बोन पहिल्या रांगेत का असतात माहीत आहे? नळी पुढे सरकवायची तर समोरच्याची पाठ मध्ये येते.

आणि धून संपल्यावर शांतता नको. एक साइड ड्रम टक, टक, टक असा डाव्या पायावर चालू ठेवायचा, नाही तर पुढची धून येईपर्यंत पाय विखुरतात. धून थांबवायची खूण बेस ड्रमची. ठरलेले दोन जोराचे ठोके, की पुढच्या ठरलेल्या मात्रेवर सगळे गप्प. ओरडून थांबवायचं नाही.

---

साष्टीकर | १८ जून, दुपारी ३.३०

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे शिक्षक तयार व्हायची जुनी सोय चर्चची होती. पोर्तुगीज काळात गावोगावच्या पॅरिश शाळांत मेस्त (संगीताचे मास्तर) मुलांना सोल्फेजो शिकवायचे, म्हणजे आधी सुरांची नावं घेत वाचायचं, हाताने ताल धरायचा आणि मगच व्हायोलिनला हात लावायचा. त्या पायावर गोंयकार वादक मुंबईच्या पोलीस बँडपासून सिनेमाच्या वाद्यवृंदांपर्यंत सगळीकडे गेले. गावच्या फेस्ताला बँड चालत यायचा त्यातली अर्धी माणसं त्याच शाळेतली.

म्हणून माझं मत हवालदार आणि ढोलवाले दोघांपेक्षा वेगळं आहे. मुलांना वाचायला शिकवा. पाठांतराने पंधरा ऑगस्ट निभावतो, पण मास्तर बदलला की पथक शून्यावर येतं. तुमच्या आधीच्या सरांनी कागदावर काही ठेवलंय का ते बघा.

---

तानपुरी | १८ जून, सायंकाळी ५.००

काही नाही. सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कपाटात फक्त ड्रमला बसवायच्या पानांची, म्हणजे पडद्यांची, बिलं सापडली.

---

पिपाणी | १८ जून, रात्री १०.५५

इतका वेळ नुसता वाचत होतो. लिहू की नको विचार करत होतो.

आमचा घरचा ब्रास बँड होता. आजोबा ट्रंपेट वाजवायचे, वडील युफोनियम. लग्नं, वराती, गणपती. सगळ्यांनी फौजी सांगितले, पथकं सांगितली, अमेरिका सांगितली, चर्च सांगितलं. गावात वर्षाचे सहा महिने चालत वाजवणारी माणसं असताना त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. पुण्यात प्रभात, दरबार या बँडची नावं विसर्जनाला लोक कौतुकाने घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हाला "बँडवाले" म्हणून मांडवाच्या मागे जेवायला वाढतात. ज्या शाळेत मी शिकलो तिथे बँड शिकवायला बाहेरगावाहून माणूस यायचा. आजोबा शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहायचे.

शिकणं कसं व्हायचं ते सांगतो, कोणाच्या कामी आलं तर येऊ दे. आजोबा पहिले कित्येक दिवस ट्रंपेट द्यायचेच नाहीत. नुसता माउथपीस. तो मुठीत धरून आधी गरम करायचा, थंडीत तर बगलेत. मग ओठ मिटून त्यात माशीसारखा आवाज काढायचा, आणि तो आवाज न तुटता चालायचं. आमच्या गल्लीत विजेचे खांब होते. एका खांबाजवळ श्वास घ्यायचा, पुढच्या खांबापर्यंत एकच सूर न्यायचा. खांबाच्या आधी सूर गेला की मागे यायचं, परत पहिल्यापासून. पुढे खांब सोपा झाला की तेच अंतर मंद सुरात, मग अगदी बारीक आवाजात. बारीक आवाजात सूर लांबवणं जास्त अवघड असतं. आजोबा मागे चालायचे आणि आमच्या खांद्यांकडे बघायचे. खांदा वर गेला की मागून टपली. श्वास पोटात घ्या, खांद्यात नाही, हे त्यांनी शब्दांत कधी सांगितलं नाही.

तुमच्या बासरीवाल्या मुलांना हेच करायला सांगा. मैदानाला खांब नसतील तर चुन्याच्या खुणा करा.

---

नी_कोमल | १८ जून, रात्री ११.१०

पिपाणी, उभा राहून वाचलं. खर्ज साधनेतही गुरुजी खांद्याकडेच बघायचे.

---

ढोल_आणि_मी | १९ जून, सकाळी ९.००

+१. आणि पथकांमुळे ब्रास बँडची कामं गेली हेही खरं आहे, त्यावर वेगळा धागा हवा.

---

लेझीमप्रेमी | १९ जून, सकाळी ११.४५

मूळ मुद्द्यालाच हात घालतो. शाळेत साहेबी बँड हवाच कशाला? लेझीम आहे, हलगी आहे, खर्च कमी, सगळी मुलं सामावतात. बिगूल वाजवून कोणाला उठवायचंय?

---

खडूस_पेठकर | १९ जून, सकाळी ११.५८

मुख्याध्यापकांना उठवायचंय. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा असते, ब्रास आणि पाइप, मुलांचे आणि मुलींचे वेगळे गट, राज्यातून विभाग आणि विभागातून दिल्ली. त्याचं परिपत्रक आलं की सगळ्या शाळांना अचानक बँड आठवतो. लेझमाला दिल्लीचं तिकीट नाही.

---

शाळेशेजारी | १९ जून, दुपारी ४.२०

माझं घर एका शाळेच्या मैदानाला लागून आहे. दर वर्षी जुलैपासून रोज सकाळी साडेसातला एकच बिगूल, तोही अर्धाच. कृपया मुलांना धून पूर्ण करायला शिकवा, एवढीच विनंती. अर्ध्यावर सोडलेला सूर दिवसभर डोक्यात राहतो.

---

मराठीतली_डॉक्टर | १९ जून, सायंकाळी ६.०५

अवांतर, पण आवश्यक. एका बिगुलावर पाच मुलं शिकणार असतील तर माउथपीस प्रत्येकाचा वेगळा हवा, निदान प्रत्येक वेळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. शर्टाला पुसणं म्हणजे धुणं नव्हे. बंद खोलीत सगळे ड्रम एकदम वाजवू नका, मोकळ्यावर घ्या. आणि बेस ड्रमचा पट्टा मानेवर नको, दोन्ही खांद्यांवर क्रॉस बांधा. मुलींना बेस ड्रम झेपत नाही म्हणणारे बहुतेक वेळा पट्टा चुकीचा बांधत असतात.

---

पीटी_सर | २० जून, सकाळी ८.३०

क्रीडाशिक्षक आहे. धागा वाचून गंमत वाटली. परेड शिकवायला हवालदार, पथकवाले, टेक्सास सगळे आठवले. त्याच शाळेतल्या पी.टी.च्या सरांना विचारा असं कोणी म्हणालं नाही. आम्ही एन.सी.सी.त हेच केलंय.

मात्र भांडण ठरलेलं असतं. संगीताच्या बाई म्हणतात धून आधी, आम्ही म्हणतो रांग आधी. दोघं एकाच वेळी मुलांना वेगवेगळ्या सूचना देतात. आमच्या शाळेत आम्ही असं ठरवलं: हुकूम फक्त माझा, काठी फक्त बाईंची. मी "तेज चल" म्हणेपर्यंत त्या बोलत नाहीत, चालायला लागल्यावर मी बोलत नाही. तेव्हापासून पथक सुधारलं.

---

तानपुरी | २७ जुलै, रात्री ९.१५

बऱ्याच दिवसांनी येतेय, सगळ्यांना एकदम उत्तर देते.

पी.टी.च्या सरांशी बोलले. त्यांना कोणी विचारेल याची ते वाटच बघत होते! हुकूम त्यांचा, काठी माझी, हा नियम जसाच्या तसा उचलला. पण त्याआधी एक केलं. ऑस्टिनकर म्हणाल्या की तिथले शिक्षक आधी वर्षानुवर्षं रांगेत चाललेले असतात. माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत, म्हणून मी बेस ड्रम गळ्यात अडकवला आणि मुलांच्या रांगेत चालले. सरांनी माझ्यावरही हुकूम सोडले. मुलं पहिल्या दिवशी खूप हसली. पण ड्रमच्या कडेमुळे स्वतःचे पाय दिसतच नाहीत, हे गळ्यात घातल्याशिवाय कळलं नसतं. तो मुलगा पायाकडे बघत चालत नव्हता, पाय दिसत नाहीत म्हणून वाकून शोधत होता. पट्टा दोन बोटं वर घेतला आणि ड्रम छातीला लावला, निम्मं काम झालं. डॉक्टरांचा क्रॉस पट्टाही केला.

दादरा मस्त बसलाय. पाऊल आखूड केलं. मैदानावर चुन्याच्या खुणा मारल्या, पिपाणींच्या खांबांसारख्या. बासरीवाली मुलं आता तिसऱ्या खुणेपर्यंत एक सूर नेतात, खांद्यावर मी लक्ष ठेवते. सगळ्या धुना सरगममध्ये आणि ताल खाली पावलांच्या खुणांसह वहीत लिहिते, साष्टीकर.

अडलंय ते वळणाला. मैदानाच्या कोपऱ्यात पथक वळतं तेव्हा बाहेरची मुलं धावतात, आतली आपटतात, आणि वळून सरळ झाल्यावर सगळे वेगवेगळ्या मात्रेवर असतात.

---

मराठा_हवालदार | २८ जुलै, सकाळी ६.००

शाब्बास ताई. ड्रम गळ्यात घातला म्हणजे तुमचं अर्धं शिक्षण झालं.

वळणाचं विचारलंत. सरांना विचारा हुकूम कुठला देतात. "दाहिने मुड़" दिला तर प्रत्येक जण जागच्या जागी वळतो आणि तुमची रचनाच आडवी होते, पुढच्या बासऱ्या बाजूला जातात. बँडला "दाहिने घूम" लागतो. रांग दारासारखी फिरते. आतला पोरगा जवळजवळ कदमताल करतो, बाहेरचा पाऊल मोठं टाकतो, मधले त्या अंदाजानं. पण पावलांची गिनती सगळ्यांची एकच. लांबी बदलते, लय बदलत नाही. पोरं धावतात कारण त्यांना वाटतं बाहेरच्यानं जास्त पावलं टाकायची.

ड्रमशिवाय, दोऱ्या धरून करा. एका रांगेतल्या पोरांना एक दोरी कमरेच्या उंचीला धरायला द्या. दोरी सैल पडली की कोण चुकला ते सगळ्यांना दिसतं, तुम्हाला बोलावं लागत नाही.

आणि बाहेरच्या टोकाला उंच पोरगा ठेवा.

---

पीटी_सर | २८ जुलै, सकाळी ७.४५

दोरीचं मीही घेतो. आम्ही काठ्या वापरायचो, एकमेकांना लागायच्या.

---

शाळेशेजारी | २८ जुलै, सकाळी ८.१०

आमच्याकडे बिगूल आता पूर्ण वाजतो. कोणी हा धागा वाचलाय का?

---

तानपुरी | २८ जुलै, रात्री ९.४०

काका, घोळ नेमका तोच होता, सर "मुड़" देत होते. उद्या दोरी.

पिपाणी, एक विचारायचं होतं. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी दोन ट्रंपेट आणि एक युफोनियम घ्यायचं मनावर घेतलंय. ते शिकवणं माझ्या आवाक्यातलं नाही. तुमचे वडील शनिवारी शाळेत येतील का?

---

पिपाणी | २८ जुलै, रात्री ११.३०

विचारलं त्यांना. दोनदा विचारलं, "शाळेत? वर्गात?" येतो म्हणाले. त्यांची एकच अट आहे, शाल-नारळ नको. लग्नाच्या सुपारीपेक्षा कमी चालेल, पण मानधन ठरवून, लेखी. आणि वाद्यं विकत घेण्याआधी त्यांना दाखवा. मेरठहून येणाऱ्या मालात चांगलं-वाईट दोन्ही असतं, झडपा ते हाताने बघतील.

---

तानपुरी | २९ जुलै, दुपारी २.०५

मानधनाचं पत्र आजच सही करून घेतलं. त्यावर "संगीत प्रशिक्षक" असं लिहिलंय. वडिलांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, शनिवारची वेळ ठरवते.